टेपवरचे अकरा हुंकार

१९८२च्या ऑक्टोबरात माझी पोस्टिंग मेरिलँडमधल्या एका तळावर झाली. ऑर्डरवर कामाच्या रकान्यात 'भाषांतर, चिनी' एवढंच लिहिलेलं होतं. मी चोवीस वर्षांचा, अमेरिकन सैन्यात सार्जंट, नाव अविनाश देवस्थळी. हे आडनाव तिथे कोणाच्या जिभेला पेलणार? पहिल्याच दिवशी मी 'डेव्ह' झालो आणि सैन्य सोडेपर्यंत डेव्हच राहिलो.

अकराव्या वर्षी आईबाबांबरोबर कोल्हापूरहून ओहायोत आलो होतो. बाबा इंजिनियर. मुलगाही इंजिनियर होणार हे त्यांनी विमानात बसण्याआधीच ठरवलेलं. मी कॉलेज अर्ध्यावर सोडून सैन्यात भरती झालो तेव्हा ते म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला इतक्या लांब आलो का आपण?" मी म्हटलं, निदान या भाकऱ्यांचा पगार मिळतो. त्यानंतर सहा महिने ते माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. आई बोलायची.

सैन्याने माझी भाषेची परीक्षा घेतली आणि कॅलिफोर्नियातल्या भाषाशाळेत वर्षभर चिनी शिकायला बसवलं. मला वाटलं, पुढे कुठेतरी हेडफोन लावून चिनी रेडिओ ऐकत बसावं लागणार. मेरिलँडला पोचल्यावर मला मेसच्या मागच्या एका जुन्या लाकडी इमारतीत पाठवलं. दारावर पाटी नव्हती. आत सगळी मिळून सात माणसं. प्रमुख मेजर व्हिटलॉक, मूळचे तोफखान्यातले. उंच, कमी बोलणारे, कडक. त्यांनी मला बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, योग येतो का? मी म्हटलं, "सर, शवासन येतं." ते हसले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडून तीन कागदांवर सह्या घेतल्या आणि काम सांगितलं.

काम असं होतं. चीनमध्ये त्या वर्षांत एक लाट आली होती. घडी केलेला कागद कानाशी धरून त्यावरचं अक्षर सांगणारी मुलं, काखेत धरून वाचणारी मुलं, बंद बाटलीतल्या गोळ्या बुचाला हात न लावता बाहेर काढणारे लोक. त्यावर तिकडे मासिकं निघत होती, विद्यापीठांत प्रयोग चालले होते, लष्कराची माणसं ते बघायला जात होती. आमच्या वरच्यांना घोर लागला होता. कानाने कागद वाचता येत असेल तर आमची सीलबंद पाकिटं काय कामाची? म्हणून ती मासिकं माझ्या टेबलावर यायची. शेजारच्या खोलीत आमच्याच सैन्याची तीन माणसं डोळे मिटून लांबच्या जागा 'बघण्याचा' सराव करायची. त्यांना व्ह्यूअर म्हणत. चिनी करताहेत म्हणून आपण, आणि आपण करतोय म्हणून चिनी. मला तर वाटायचं, दोघांनी एकमेकांना एकदा चहाला बोलवावं आणि विषय संपवावा.

पण काम मी मन लावून केलं. सकाळी सात ते दुपारी चार, दिवसाला आठ पानं. वर्षभरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अक्षर लिहून कागदाची घडी घालणारा माणूस मुलाच्या समोर बसला असेल तर मूल बहुतेक वेळा बरोबर सांगायचं. तो माणूस खोलीबाहेर गेला की मूल 'दमायचं'. मी तसा अहवाल लिहिला, आणि शेवटी शिफारस केली की समोर बसणाऱ्याला उत्तर माहीत नसावं. त्याचा चेहरा, श्वास, बोटं काहीतरी बोलून जातात आणि त्याचं त्यालाच कळत नाही. मेजर व्हिटलॉकनी अहवाल दोनदा वाचला आणि ते वाक्य टाइप करून व्ह्यूअरच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. व्ह्यूअरच्या समोर बसून त्याला प्रश्न विचारणाऱ्याला मॉनिटर म्हणत. तेव्हापासून प्रत्येक सेशनआधी मेजर मॉनिटरला एकच प्रश्न विचारायचे. या विषयाची काही माहिती आहे का? आहे म्हटलं की दुसरा माणूस बसायचा. नियम माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता.

बराकीत माझ्या शेजारच्या खोलीत टॉमी बेकेट राहायचा. हुद्दा स्पेशालिस्ट, काम हेलिकॉप्टरच्या क्रू चीफचं. म्हणजे हेलिकॉप्टरची देखभालही त्याची आणि उड्डाणात सोबतही त्याची. केंटकीतल्या एका छोट्या गावचा, तेवीस वर्षांचा, सदा भुकेला. मी काय काम करतो हे त्याला सांगायची मुभा नव्हती. त्याने आपलं ठरवून टाकलं होतं की मी चिनी हॉटेलांच्या मेनूचं भाषांतर करतो.

दर रविवारी बराकीच्या फोनवर मी आईशी बोलायचो. आईची बोलायची तऱ्हा होती. ती फोनवरसुद्धा गोष्ट सांगितल्यासारखी बोलायची आणि तिला हुंकार लागायचा. लहानपणीही तसंच. ओहायोच्या बर्फात, शाळेत माझं कोणी नसताना, ती संध्याकाळी गोष्टी सांगायची. मी 'हं' म्हटलं नाही तर थांबायची आणि विचारायची, "आहेस ना रे?" त्यामुळे कोणी काही सांगू लागलं की माझ्या घशातून 'हं' आपोआप निघतो. श्वासासारखा.

टॉमीने हे बरोबर हेरलं. एकदा म्हणाला, "वीस मिनिटं बोललास आणि सगळे मिळून एकच शब्द बोललास." पुढच्या रविवारी मी कॉफी घ्यायला वळलो तेव्हा त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आईला हुंकार द्यायला लागला. मी परत येईपर्यंत आईने त्याला शेजारच्या कुलकर्णी काकूंच्या मुलीच्या लग्नाची अख्खी हकिकत मराठीत सांगितलेली होती. खरं कळल्यावर आई हसून म्हणाली, "तुझ्यापेक्षा चांगला ऐकतो रे तो. त्याला घेऊन ये." थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी त्याला ओहायोतल्या डब्लिनला, आमच्या घरी नेलं. त्याने सात पुरणपोळ्या खाल्ल्या, आईला 'काकू' म्हणायला शिकला आणि बाबांच्या गाडीचा हीटर दुरुस्त करून दिला. सहा महिने माझ्याशी अबोला धरणारे बाबा त्याच्याशी तीन तास बोलत होते. मला त्याचा थोडा रागही आला होता, हे कबूल करतो.

१९८४चा फेब्रुवारी. मंगळवार. सकाळी ७.१० ला मेसमध्ये टॉमी आणि मी नाश्त्याला बसलो. दोन अंडी, टोस्ट, वर त्याच्या आईने पाठवलेला आलुबुखारचा जॅम. तो जॅमची बाटली खिशात घेऊन मेसमध्ये यायचा. दर मंगळवारी त्यांचं हेलिकॉप्टर वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका रेडिओ स्टेशनला सामान घेऊन जायचं. जायला दोन दऱ्या होत्या, उत्तरेची आणि दक्षिणेची. टॉमी नेहमी उत्तरेच्या दरीबद्दल सांगायचा. तिथे एक धरण होतं, खाली जुना लोखंडी पूल, आणि पुलावर मासे धरणारा एक म्हातारा. टॉमी त्याला हात करायचा, म्हातारा टोपी उंचवायचा. त्या सकाळीही म्हणाला, "आज थंडी आहे. बघू म्हातारा येतो का." मी म्हटलं, "हं."

९.४० ला हेलिकॉप्टर उडालं. आत तिघं. पायलट वॉरंट ऑफिसर हॅलोरन, को-पायलट आणि टॉमी. १०.३५ ला रेडिओवर शेवटचं बोलणं झालं. ढग खाली येताहेत, मार्ग बदलतोय, असं काहीतरी. पुढचं खरखरीत गेलं. नंतर काही नाही.

११.२० ला मेजर व्हिटलॉकनी मला बोलावून मंगळवारचं हेलिकॉप्टर हरवल्याचं सांगितलं. बाकीचं मला नंतर कळलं. शोधाची जबाबदारी ज्या कर्नलवर होती ते त्यांचे जुने मित्र. कर्नलपुढे पेच होता. ढगांमुळे एकच हेलिकॉप्टर आत जाऊ शकत होतं. रस्त्याने निघालेल्या तुकडीला चार तास लागणार होते. शेवटचा सिग्नल कच्चा होता, पण थोडा दक्षिणेकडे झुकलेला. कर्नल दक्षिणेची दरी धरायच्या बेतात होते. तेवढ्यात मेजरांनी फोनवर सांगितलं होतं, मला चाळीस मिनिटं द्या.

आमचा सगळ्यात चांगला व्ह्यूअर स्टाफ सार्जंट कोल. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन दऱ्यांचंही नाही, टॉमीचंही नाही. त्याच्या समोर नेहमी बसणारा मॉनिटर आजारी होता. मेजर म्हणाले, कोण बसेल? मी म्हटलं, मी बसतो.

माझ्याच नियमाच्या कागदासमोर दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "या उड्डाणाची काही माहिती आहे?"

"नो, सर."

खोटं बोलावं म्हणून बोललो नाही. माहिती म्हणजे फाइल, नकाशा, रेडिओचा मेसेज असं माझ्या डोक्यात होतं. नाश्त्याच्या टेबलावरच्या गप्पांना कोण माहिती म्हणतं? शिवाय आत टॉमीचा शोध चालला असताना मला बाहेर उभं राहायचं नव्हतं. दोन्ही कारणं खरी आहेत. दुसरं जास्त खरं आहे.

११.४५ ला सेशन सुरू झालं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, टेपरेकॉर्डर. कोलला फक्त सांगितलं होतं की एक हेलिकॉप्टर हरवलंय, कुठे आहे ते सांग. त्याने डोळे मिटले. मग हळूहळू बोलू लागला. उतार, झाडं. मग लोखंड. मग पूल. पूल म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मग पाणी, पाण्याच्या वर भिंत. १२.१५ पर्यंत त्याने कागदावर धरण आणि पूल काढला होता. जन्मात कधी न पाहिलेला. मी दीड वर्ष या सगळ्याची मनातल्या मनात टिंगल केली होती. त्या क्षणी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

१२.२२ ला मेजरांनी कर्नलना फोन लावला. मी शेजारी उभा होतो. "धरण, लोखंडी पूल," एवढंच ते म्हणाले. पलीकडून विचारणा झाली. मेजर म्हणाले, "माझा माणूस खात्रीचा आहे." १२.३० ला शोधाचं हेलिकॉप्टर उत्तरेच्या दरीत गेलं.

पुढचे दोन तास आम्ही रेडिओपाशी बसलो.

"धरण दिसतंय. काही नाही."

"पुन्हा बघा."

"पुलाच्या दोन्ही बाजू बघितल्या. काही नाही."

"खाली उतरून बघा."

"काही नाही, सर."

२.५० ला इंधन भरायला ते मागे फिरलं. ३.१५ ला कर्नलनी त्याला दक्षिणेच्या दरीत पाठवलं. ४.१० ला रेडिओवर आवाज आला, "दिसलं. उतारावर. झाडं तोडलेल्या जागी." थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला. दोघं जिवंत, एक गेला. नाव सांगितलं नाही. नाव सांगत नाहीत. सव्वापाचला मेजर आत आले, माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये हॅलोरनना भेटलो. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. उत्तरेला ढग होते म्हणून दक्षिणेकडे वळलो, ते म्हणाले. टॉमीला पोटात मार बसला होता, बाहेरून काही दिसत नव्हतं. झोपला तर उठणार नाही म्हणून ते त्याच्याशी सतत बोलत राहिले. त्याला बोलायची ताकद नव्हती. "फक्त 'हं' म्हणायचा," हॅलोरन म्हणाले. "मी बोलायचो, तो 'हं' म्हणायचा. अडीचच्या सुमाराला थांबला."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो.

गुरुवारी सकाळी मेजरांनी सेशनची टेप माझ्या हातात दिली. फाइलसाठी शब्द न शब्द उतरवायची. ते कामही माझंच होतं. मी हेडफोन लावला.

कोलचा आवाज. "उतार आहे. झाडं तोडलेली. नुसते बुंधे." पुढे शांतता. "तांबडं काहीतरी. गंजलेलं." शांतता. तो वाट बघतोय हे टेपवर स्पष्ट कळत होतं. "लोखंड." शांतता. "मोठं लोखंड. पूल असेल."

"हं."

मी टेप थांबवली. मागे घेतली. पुन्हा लावली.

"पूल," कोल म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर होता. "खाली पाणी?"

"हं."

तो माझा आवाज होता. मी तिथे बसून 'हं' म्हणालो होतो आणि मला त्याची शुद्धही नव्हती. कोल तोडलेली झाडं म्हणाला तेव्हा मी गप्प होतो. त्याने चाचपडत पुलाचं नाव घेतलं तेव्हा माझ्या घशाने त्याला सांगितलं, बरोबर, आता पुढे सांग. आईने मला शिकवलेलं होतं तसं. गोष्ट जिकडे जावी असं मला वाटत होतं तिकडे मी ती नेली. पूर्ण टेपवर माझे अकरा हुंकार होते. एकही चुकीच्या जागी नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते असं. चिनी मुलांसमोर बसणाऱ्यांच्या चुका मी दीड वर्ष मोजत होतो.

तुम्ही विचाराल, कोलला खरंच काही दिसलं होतं का? हेलिकॉप्टर जिथे पडलं तिथे झाडं तोडलेली होती आणि लाकूडतोड्यांनी टाकून दिलेला एक गंजका ट्रक होता. पण त्या डोंगरांत तोडलेली झाडं आणि गंजके ट्रक पावलोपावली आहेत. मला माहीत नाही. मी गप्प बसलो असतो तर कदाचित कळलं असतं. आणि काहीच कळलं नसतं तरी कर्नलनी १२.३० ला हेलिकॉप्टर दक्षिणेला पाठवलं असतं. ते दीडच्या आत पोचलं असतं. टॉमी अडीचपर्यंत 'हं' म्हणत होता.

मी टेप घेऊन मेजरांकडे गेलो आणि त्यांच्यासमोर लावली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"मार्ग तुला माहीत होता?"

"येस, सर. नाश्त्याला बोलला होता."

"मी विचारलं होतं."

"येस, सर."

मला वाटलं, टेप कपाटात जाईल. त्यात त्यांचीही मान अडकलेली होती. पण ते म्हणाले, "सगळं लिही. 'हं'सुद्धा लिही." मी लिहिलं. अकरा वेळा 'मॉनिटर: हं.' खाली सही केली. त्यांनी ते वर पाठवलं. वरून कधी उत्तर आलं नाही. मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं. वर्षभरात मेजरांची बदली झाली. दोन वर्षांनी मी सैन्य सोडलं.

टॉमीच्या दफनाला मी केंटकीला गेलो होतो. त्याच्या आईने, मिसेस बेकेटनी, मला स्वयंपाकघरात बसवलं आणि टॉमीच्या लहानपणाचं सांगायला लागल्या. मी दात घट्ट मिटून बसलो. एकही आवाज तोंडातून निघू द्यायचा नाही असं मी ठरवलेलं होतं. पाच मिनिटांत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, तुम्ही दमला असाल. मी त्यांना काही सांगितलं नाही. सह्या केलेल्या होत्या, आणि सह्या नसत्या तरी मी सांगितलं नसतं. भित्रा होतो. घरीही तेच. रविवारी आई फोनवर विचारायची, "आहेस ना रे?" मी म्हणायचो, "आहे." हुंकार द्यायचं मी सोडलं होतं. हळूहळू तिच्या गोष्टीही आखूड होत गेल्या.

पुढे असल्या कामांचे कागद सरकारने खुले केले. त्या वर्षी मी डब्लिनहून गाडी चालवत मिसेस बेकेटकडे गेलो. न कळवता. त्या सत्तरी ओलांडलेल्या. तेच स्वयंपाकघर, तेच टेबल. मी त्यांना सगळं सांगितलं. मासिकं, नियम, 'नो, सर', टेप, अकरा हुंकार, अडीच वाजता. सांगताना त्यांच्या तोंडून एक आवाज आला नाही. हुंकाराशिवाय बोलणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. दर वाक्याला वाटत होतं, पुढचं नको. तरी मी शेवटपर्यंत गेलो.

त्या उठल्या. नळ सोडला, बंद केला. मला वाटलं, आता जा म्हणतील. पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "त्या सकाळी त्याने खाल्लं होतं का काही?"

"दोन अंडी. टोस्ट. तुमचा जॅम."

"किती लावला होता?"

"भरपूर. मेसचा कुक ओरडायचा त्याला."

त्या परत येऊन बसल्या. तुम्हाला मी माफ केलं की नाही ते मला माहीत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मी ते मागायला आलेलो नाही. मग त्यांनी टेबलावरचे जॅमचे डाग नखाने खरवडत सांगायला सुरुवात केली. आलुबुखारच्या झाडावरून टॉमी सहा वर्षांचा असताना कसा पडला ते. दोनतीन वाक्यांनंतर त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. आई बघायची तसं.

बारा वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं, "हं."

त्या पुढे सांगू लागल्या. झाड, पडणं, मोडलेला हात, प्लॅस्टरवर काढलेलं हेलिकॉप्टर. मी निघालो तेव्हा सहा वाजून गेले होते. नंतर त्या होत्या तोवर दर फेब्रुवारीत मी जात राहिलो. त्या बोलायच्या, मी हुंकार द्यायचो. आता सांगणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून मी सांगतोय.

स्पेशालिस्ट टॉमी बेकेट, क्रू चीफ. वय तेवीस. दुपारी अडीचपर्यंत ऐकत होता.